पदर कुठल्या खांद्यावर

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला गिऱ्हाइकांबद्दल जेवढं कळतं तेवढं कधी कधी त्यांच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं. कोण बारीक झालंय, कोणाचा एक खांदा उतरलाय, कोणाला दिवस गेलेत आणि अजून सासूला सांगितलेलं नाही. टेप छातीभोवती नेताना बाई श्वास आत ओढते की सोडते, यावरूनसुद्धा बरंच समजतं. मी हे काम बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर करते. शिक्षण म्हणाल तर एम. एस. युनिव्हर्सिटीत होम सायन्स, त्यातही कापड आणि शिवण. हाताखाली दोघी आहेत. त्यातली एक महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकून आलेली, आणि काज-हुकांत ती माझ्या चार पावलं पुढे आहे.

काही बायका ठरवून दुपारीच येतात. रावपुऱ्यातली गर्दी ओसरलेली असते, अर्धं बडोदं जेवून आडवं झालेलं असतं, जिन्यात कोणी ओळखीचं भेटायचा संभव नसतो. हातात पिशवी, पिशवीत जुना ब्लाउज. ‘मापाचा आणलाय, यावरूनच शिवा. फक्त जरा सैल ठेवा.’ मी टेप उचलला की घाईघाईने म्हणतात, ‘माप नको हो, मापाचा दिलाय ना!’

अशा वेळी मी एवढंच विचारते, ‘कुठली बाजू?’ हुक पुढे लावू की मागे हे विचारावं, त्याच आवाजात. बाई क्षणभर माझ्याकडे बघते. मग सांगते. डावी. उजवी. क्वचित दोन्ही. आणि सांगून झालं की पिशवी खाली ठेवते, पाणी मागते, पंख्याखाली बसते. कोणी रडतं, पण मला वाटलं होतं त्यापेक्षा फार कमी जणी रडतात. बऱ्याचशा एकदम बोलायलाच लागतात, आणि तेही कॅन्सरबद्दल नाही. कुठला ब्लाउज आता घालता येत नाही, कुठली पैठणी कपाटात तशीच पडून आहे, भाच्याचं लग्न कधी आहे, असलं सगळं.

भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर नव्याने झाल्याचा अंदाज आहे. आपल्याकडच्या बायकांत होणाऱ्या कॅन्सरमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा. आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधीच गाठतो. म्हणजे माझ्याकडे जी येते ती नातवंडं खेळवणारी आजीच असते असं नाही. मुलीची बारावी आहे, घराचे हप्ते चालू आहेत, नवरात्रात मैत्रिणींनी एका रंगाच्या चणिया-चोळ्या ठरवल्या आहेत, अशी बेचाळीस-पंचेचाळीसची बाई असते. कोणी गोरजला जाऊन आलेली असते, मुनी सेवा आश्रमाच्या कॅन्सर हॉस्पिटलात. कोणी अहमदाबादला, कोणी मुंबईला टाटाला. ऑपरेशन नीट झालेलं असतं. डॉक्टरांचं काम तिथे पुष्कळसं संपतं. त्यानंतर अंगात काय घालायचं, हा प्रश्न घेऊन ती आमचा जिना चढते.

स्तन काढला म्हणजे छातीवरचा एक उंचवटा गेला, एवढंच आपल्याला बाहेरून वाटतं. शिवणाऱ्याला दिसतं ते निराळं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तिथे खळगा पडतो आणि ब्लाउजचा मुंढाच बदलतो. दंडाच्या आतल्या बाजूची कातडी पुष्कळ जणींची बधिर होते, कारण काखेतून जाणारी एक बारीक नस ऑपरेशनमध्ये दुखावते किंवा कापली जाते. बाहीची शिवण टोचते आहे हे त्या बाईला कळतच नाही. संध्याकाळी ब्लाउज काढताना लाल वळ दिसतो. हात सुजू शकतो. ऑपरेशननंतर लगेच नाही, तर कित्येक महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा. म्हणून मी दोन्ही दंडांचं माप वेगवेगळं घेते आणि त्या बाजूच्या बाहीच्या शिवणीत आतून जास्तीचं कापड ठेवते, म्हणजे सूज वाढली तर उसवून देता येईल. केमोसाठी पोर्ट, म्हणजे औषध शिरेत सोडायची लहानशी डबी, कातडीखाली बसवलेलं असेल तर गळ्याच्या हाडाखाली बटणाएवढा फुगवटा असतो. गळ्याची पट्टी तिथे घासता कामा नये. रेडिएशन झालेली कातडी काळवंडते, कोरडी पडते, तिथे नायलॉनची लेस वैरिणीलाही लावू नये.

शिवाय तोल. भरल्या अंगाच्या बाईची एक बाजू गेली की दुसऱ्या बाजूचं वजन त्या खांद्याला खाली ओढत राहतं. मान धरते, पाठ दुखते. आतमध्ये घालायचा कृत्रिम स्तन हा लोकांना दाखवायला असतो, अशी एक समजूत आहे. तो पाठीसाठीही असतो हे पहिल्यांदा मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं, त्यांच्या स्वतःच्या सलवारसूटचं माप देता देता.

आणि तरी या बायका आपलं दुखणं सांगताना आधी माफी मागतात. ‘तसं काही नाही हो, पण…’ अशी सुरुवात. कारण त्यांना एक वाक्य इतक्यांदा ऐकवलेलं असतं की ते त्यांचंच झालेलं असतं. ‘जीव वाचला ना, मग बाकीचं काय घेऊन बसलीस!’ म्हणणारे वाईट नसतात. सासूबाई म्हणतात, नणंद म्हणते, सख्खी आई म्हणते. त्यांना खरंच वाटत असतं की याने धीर येईल. होतं असं की दार लागतं. तिला जीव हवाच आहे, त्यासाठी तर तिने सगळं सोसलं. पण तिला आरशासमोर उभं राहून साडीही नेसायची आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड कुठे येतात? पाय मोडून प्लॅस्टर निघालेल्या माणसाला आपण ‘लंगडतोस तर लंगड, जिवंत आहेस ना’ असं सुनावत नाही. त्याला काठी देतो, हात देतो, जिन्याला कठडा लावतो. बाईने छातीबद्दल हळहळ केली की मात्र ती नटवी ठरते. या वयात कसली आलीय हौस!

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे वाघीण. गुलाबी फीत, टाळ्या, ‘तू तर फायटर आहेस’. वर्षातून एकदा, ऑक्टोबरात, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीच्या महिन्यात, हे जोरात असतं. मला त्याचाही थोडा कंटाळा आहे. वाघीण ठरवून टाकलं की त्या बिचारीला स्वयंपाकघरात कढई तापेपर्यंत डोळे पुसायचीसुद्धा सोय राहत नाही. आपण एवढे हार घातले आणि ही रडते, म्हणून लोक हिरमुसतात.

मी काही मानसोपचार करत नाही. मला एवढंच दिसलंय की उपदेशाने जे होत नाही ते पुष्कळदा नीट बसणाऱ्या ब्लाउजने होतं, आणि ते शिवायला आधी तिला नेमकं काय हवंय ते ऐकावं लागतं. एकीला हवं ते दुसरीला नको असतं.

एका शाळेच्या निवृत्त बाई आमच्याकडे वर्षानुवर्षं येतात. त्यांची उजवी बाजू. आपला पदर डाव्या खांद्यावर, त्यामुळे डावी बाजू पदराखाली आपोआप झाकली जाते. उजवी उघडी पडते, विशेषतः बारीक घड्या घालून पिन लावलेली असेल तर. बाई म्हणाल्या, गळ्यापर्यंत बंद ब्लाउज शिवा, वर मी शाल घेईन. मे महिन्यात, बडोद्यात, शाल! मी गप्प बसले. सगळा धागा हाताला लागल्याशिवाय ओढू नये. त्यांनी आपणहूनच सांगितलं, शेजारच्या पटेलबेन म्हणाल्या की आमच्यासारखा पदर घेऊन बघा. गुजराती पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि सगळी छाती झाकून डाव्या कमरेशी खोचला जातो. जन्म बडोद्यात गेला, आजूबाजूला हजार बायका तशा नेसलेल्या पाहिल्या, पण स्वतः कधी नेसलेल्या नव्हत्या. आमच्या आरशासमोर आम्ही तो पदर बसवला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा पिन लागली तेव्हा त्यांनी आरशात आधी उजवीकडून, मग समोरून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, शेवटी बाटलीस!’

वर्षभर त्या तशाच नेसत होत्या. नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली, मग विषय शिळा झाला. पुढे आतला कप्पा नीट जमल्यावर एक दिवस त्या पुन्हा डाव्या खांद्यावर पदर घेऊन आल्या. ‘तो पदर छान होता,’ म्हणाल्या, ‘पण फळ्यावर लिहायची सवय माझ्या उजव्या हाताला आहे, पदर सारखा मध्ये येतो.’ निवृत्त होऊनही त्या घरी मुलांच्या शिकवण्या घेतात.

हा कप्पा म्हणजे ब्लाउजच्या किंवा ब्रेसियरच्या आतून लावलेली पिशवी, कृत्रिम स्तन जागच्या जागी राहावा म्हणून. ऐकायला सोपं, शिवायला चिकट. कापड जुन्या धुवट मलमलीसारखं मऊ हवं, कोरं कापड आधी दोन-तीनदा धुवून घ्यायचं. तोंड काखेच्या बाजूला ठेवायचं, वरून ठेवलं तर वाकताना वस्तू बाहेर डोकावते. शिवणीच्या कडा अंगाकडे येऊ द्यायच्या नाहीत, सगळी शिवण कापडाच्या बाहेरच्या अंगाला, कारण आत आडवा व्रण असतो आणि त्यावर दोऱ्याची एक गाठसुद्धा दिवसभरात जखम करते. खालच्या पट्टीचं इलॅस्टिक रुंद, पण ढिलं. ज्यांना आत काहीच घालायचं नाही त्यांच्यासाठी वेगळा हिशेब. त्या बाजूला कटोरी नको, टक्स नकोत, सरळ कापायचं. आणि तरी दोन्हीकडचा गळा एका रेषेत यायला हवा. तिथे कापडाची निवड महत्त्वाची. उभे पट्टे चुगली करतात. बारीक बांधणी सगळं सांभाळून घेते.

रविवर्म्याची चित्रं आमच्या बडोद्याच्या फतेहसिंह म्युझियममध्ये आहेत. सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून पौराणिक चित्रं काढवून घेतली, पुढे त्याच्या छापील चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या. सुंदर बाई कशी दिसते हे आपल्या आज्या-पणज्यांना बहुधा तिथूनच कळलं: भरदार, प्रमाणबद्ध, दोन्हीकडे अगदी सारखी. जाता जाता सांगून ठेवते, दोन्हीकडे अगदी सारखी बाई मी अजून पाहिलेली नाही. प्रत्येकीची एक बाजू थोडी मोठी, एक खांदा थोडा वर. कापताना आम्ही ते सावरून घेतो, एवढंच. कधी कधी मी हे ऑपरेशन झालेल्या बाईला सांगते. सांत्वन म्हणून नव्हे, आमच्या धंद्यातली गोष्ट म्हणून, आणि ती तशीच ऐकून घेते.

हे ऑपरेशन पूर्वी किती क्रूर होतं ते वाचून मी हबकले होते. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड नावाच्या सर्जनने जी पद्धत सुरू केली तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळंच काढून टाकत. पदराला डाग पडला म्हणून निऱ्यांसकट साडी कापावी, तसं. बायकांची छाती फासळ्यांपर्यंत सपाट व्हायची, हात वर जायचा नाही. आणि ही पद्धत पाऊणशे वर्षांहून अधिक चालली. मग १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी यांनी शेकडो बायकांवर रीतसर तुलना करून पाहिली: गाठ लवकर सापडली असेल तर तेवढाच भाग काढून रेडिएशन दिलं तर काय होतं? वीस वर्षांचा हिशेब २००२ साली दोघांनी मांडला. पूर्ण स्तन काढलेल्या बायका आणि राखलेल्या बायका सारख्याच जगल्या.

मग आपल्याकडे अजून इतक्या जणींचा पूर्ण स्तन का काढावा लागतो? कारण आपली बाई गाठ हाताला लागली तरी दिवाळी होऊ दे, मुलीची परीक्षा होऊ दे करत थांबते, आणि येते तेव्हा गाठ मोठी झालेली असते. शिवाय स्तन राखायचा तर रेडिएशन आलं, म्हणजे कित्येक आठवडे जवळजवळ रोज मशीनपाशी हजेरी. छोटा उदेपूरकडच्या बाईने घर, गुरं, शेत सोडून रोज यायचं कसं? कितीकदा डॉक्टर राखू म्हणतात आणि घरचेच म्हणतात, काढून टाका, डोक्याला ताप नको. तो ताप नेमका कोणाच्या डोक्याला, हे मी विचारत नाही. मापं घेते.

कृत्रिम स्तनाच्या गोष्टीत मला आवडणारी एक बाई आहे, रूथ हँडलर. बार्बी बाहुली जिने १९५९ साली बाजारात आणली, तीच. जगातल्या मुलींपुढे अशक्य छाती आणि अशक्य कंबर ठेवणारी ही बाई. १९७०मध्ये तिचा स्वतःचा स्तन काढावा लागला. दुकानात जे मिळत होतं ते म्हणजे बेढब गोळे, डाव्या-उजव्याचा फरकसुद्धा नाही. बाई व्यापारी डोक्याची. एका कारागिराला हाताशी धरून तिने डावे वेगळे, उजवे वेगळे, मापाप्रमाणे कृत्रिम स्तन बनवले, कंपनी काढली, दुकानांत स्वतः जाऊन बायकांना ते बसवून दिले. बार्बीचं पाप तिने यातून फेडलं की नाही याचा निवाडा मी करणार नाही, पण डावं आणि उजवं वेगळं असतं हे ज्या माणसाला कळलं त्याला माझा नमस्कार.

आता सिलिकॉनचे चांगले मिळतात. वजन खऱ्यासारखं, पण किंमत काही हजारांत, आणि घामाने आत उबतं. जखम पुरती भरेपर्यंत, साधारण सहा-आठ आठवडे, ते वापरायचेही नसतात. मग बायका काय काय करतात! रुमालांची घडी. जुन्या ड्रेसचे खांद्यातले पॅड. एकीने पातळ फडक्यात राई भरून पुरचुंडी शिवली होती. वजन बरोबर जमलं, फक्त पावसाळ्यात ओलीला वास यायचा. अमेरिकेत बेलिंगहॅम गावातल्या बार्बरा डेमोरेस्ट यांनी २०११पासून सुती दोऱ्याचे विणलेले स्तन फुकट वाटायला सुरुवात केली, आणि आता आपल्याकडेही बायका ते विणून देतात. आमच्या गल्लीतल्या एक मावशी पूर्वी क्रोशाची तोरणं आणि टीव्हीवर घालायची झाकणं विणत. टीव्ही भिंतीला चिकटल्यापासून त्यांचं काम बुडालं होतं. त्यांना मी नमुना दिला. आता त्या ‘कुठल्या नंबरचा?’ एवढंच विचारतात. हलके असतात, धुता येतात, वाळत घालता येतात. वाळत घालायचे कुठे हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. चाळीच्या गॅलरीत तर नाहीच.

स्वतःच्या पोटाचं किंवा पाठीचं मांस घेऊन, नाहीतर इम्प्लांट घालून स्तन पुन्हा घडवताही येतो, कधी त्याच ऑपरेशनमध्ये, कधी नंतर. त्याला पूर्वीची जाणीव बहुधा येत नाही, आणि खर्च आहे. मला एवढंच वाटतं की ही सोय आहे हे बाईला ऑपरेशनच्या आधी कोणीतरी, तिच्या भाषेत, सांगायला हवं. पुढे ती नको म्हणाली तरी हरकत नाही. नको म्हणणं आणि माहीतच नसणं यात फार अंतर आहे.

नवरात्राच्या आधीचा महिना आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. बडोद्याचा मराठी माणूस घरात घट बसवतो आणि रात्री गरब्याला जातो, यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. गेल्या काही वर्षांतल्या एका सप्टेंबरात एक जण आली. डावी बाजू, ऑपरेशनला वर्ष होऊन गेलेलं, केस पुन्हा आलेले, ते आधी सरळ होते आणि आता कुरळे. तिला चोळी हवी होती. पाठ उघडी, मागे दोरी, लटकन, सगळं. बरोबरची मोठी जाऊ म्हणाली, ‘अगं, कुर्ता घाल ना लांब, त्यावर ओढणी.’ ती म्हणाली, ‘वहिनी, एकोणीस वर्षं चोळी घालून खेळलेय मी.’

पाठ उघडी म्हणजे ब्रेसियर नाही, म्हणजे कप्पा चोळीतच. आणि गरबा म्हणजे वाकणं, गिरकी, दोन्ही हात डोक्यावर, तासन्‌तास, घाम. सिलिकॉन घामाने निसटणार. आम्ही मावशींचा विणलेला घेतला, कप्प्याला काखेकडून दोन टिचबटणं लावली, आणि दोरीखाली अंगाच्याच रंगाची एक रुंद पट्टी आतून बाजूच्या शिवणीत घेतली. दोरी दिसायला, भार पट्टीवर. ट्रायलला मी म्हटलं, नुसती उभी राहू नकोस, खेळून दाखव. तिने कापडाचे गठ्ठे पायाने सरकवले, चपला काढल्या. इथे मोठ्या मैदानांतही बायका अनवाणीच खेळतात. तीन टाळ्यांचा गरबा सुरू केला. कोणी गात नव्हतं. मशीनवरची आमची मुलगी टेबलावर बोटांनी ठेका धरत होती. डावा हात वर न्यायची वेळ आली तेव्हा तिने ओठ आवळले. तो हात वर्षभर भिंतीवर बोटांनी चढवत चढवत तिने इतका आणला होता, भिंतीवर पेन्सिलच्या खुणा करून. गेला वर. चोळी मुंढ्यात एका जागी ओढली जात होती. तिथे खूण करून घेतली, काखेत लहान कळी घातली. पहिल्या रात्री खूप उशिरा फोन आला. मागे ढोल चालू. ‘ताई, सरकलं नाही!’ एवढंच बोलून ठेवला.

नवऱ्यांबद्दल मी कमी बोलते, कारण ते जिन्याखाली स्कूटरवर बसून असतात. पण एकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑपरेशननंतर छातीतून एक नळी बाहेर आणलेली असते, तिच्या टोकाला प्लॅस्टिकची बाटली, त्यात साठलेलं पाणी रोज मोजून लिहून ठेवायचं असतं. ते पुरेसं कमी झालं की डॉक्टर नळी काढतात. या माणसाचं नव्या बाजारात दुकान. तो ते मिलिलिटर आपल्या दुकानाच्या वहीत लिहायचा, उधारीच्या रकान्याशेजारी. रोज सकाळी बाटली रिकामी करायची, जखमेकडे पाहायचं, आकडा टाकायचा. ती मला म्हणाली, ‘त्यांनी इतक्या वेळा पाहिलं की दाखवायचं काही राहिलंच नाही.’ दुसऱ्या एका घरात नवरा, तिला धक्का लागू नये म्हणून, काळजीने दुसऱ्या खोलीत झोपायला गेला. खरोखर काळजीनेच. तिने त्याचा अर्थ दुसरा लावला, आणि कित्येक महिने दोघं भिंतीच्या दोन बाजूंना जागे. शेवटी तिने मला विचारलं, रात्रीच्या गाऊनला कप्पा लावता येईल का. येतो. पण मी तिला म्हटलं, आधी त्यांना विचार ना, ते तिकडे का झोपतात. गाऊन तिने नंतर मागितला नाही.

हळदीकुंकवाला अशा बाईला बोलवावं की नाही, तिच्या पेल्याने पाणी प्यावं की नाही, असलंही अजून चालतं, अगदी शिकल्या-सवरल्या घरांत. कॅन्सर शिवल्याने होत नाही. यावर याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

१९५२ साली न्यूयॉर्कच्या टेरीज लासर या बाईचं हेच ऑपरेशन झालं. नंतर हात कसा हलवायचा, आत काय घालायचं, नवऱ्याशी काय बोलायचं, तिला कोणी काही सांगेना. म्हणून ती स्वतः हॉस्पिटलांत जाऊन नुकत्याच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटू लागली, नीट कपडे करून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवत. डॉक्टरांना ते आवडलं नाही. पुढे त्यातूनच रीच टू रिकव्हरी ही मोठी चळवळ झाली. आमच्याकडे चळवळ वगैरे नाही, एक बाकडं आहे. त्यावर एका दुपारी दोघी अनोळखी बायका आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एकीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, दुसरीचं होऊन बराच काळ झालेला. मी काही ओळख करून दिली नाही. दुसरीनेच पहिलीच्या हातातली फाईल ओळखली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘बघायचंय? चल.’ दोघी ट्रायलच्या पडद्याआड गेल्या. आम्ही तिघींनी मशीनं चालू ठेवली, उगाचच, रिकाम्या कापडावर. बाहेर आल्यावर जिचं ऑपरेशन व्हायचं होतं ती म्हणाली, ‘मला वाटलं होतं खड्डा असेल. नुसती रेघ आहे.’ आणि तिने आपल्या पिशवीतले तिन्ही ब्लाउज शिवायला टाकले, आधी एकच टाकायचं ठरवून आली होती.

आमच्याकडे एक आजीही येतात, पंचाहत्तरी ओलांडलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या. त्यांचं ऑपरेशन होऊन पुष्कळ वर्षं झाली. सुनेने मुंबईहून सिलिकॉनचा आणून दिला, तो त्यांनी डब्यासकट पलंगाखाली ठेवलाय. पण चोळीला कप्पा मात्र लावून घेतला, कारण सून म्हणाली लावा. गेल्या महिन्यात त्या चोळी घेऊन पुन्हा आल्या, कप्पा फाटला म्हणून. मी आत हात घातला तर मोबाईल, खंडेराव मार्केटची भाजीची यादी आणि दहा-दहाच्या नोटांची गुंडाळी निघाली. ‘इतकी सोयीची जागा आयुष्यात पहिल्यांदा मिळालीय,’ म्हणाल्या. ‘नवीन चोळीला जरा जाड कापडाचा लाव. आणि चेन लाव, वाकलं की सुट्टे पैसे सांडतात.’